नसीमची अँटिबॉडी, माझा उपास

नसीमच्या भावाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी ओट्याशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. "मंदाताई, आपा गई," एवढंच तो म्हणाला. हातातली शेंग अर्धी उघडी होती, ती मी पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले... आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "हिथंही हिनं पहिला नंबर मारला!" चाळीस वर्षं सोबत असलेल्या मैत्रिणीच्या मरणाची बातमी ऐकून ज्या बाईला हे सुचतं, तिनं स्मृतिलेख लिहावा का, हा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला आहे. रडू आलं, पण ते पुष्कळ नंतर, सलीमच्या घरी तिच्या चपला दाराशी दिसल्या तेव्हा. आधी आला तो मत्सर, नेहमीसारखा, न बोलावता.

नसीम आणि मी आठवीपासून एका वर्गात, पांढरकवड्याला. तिचे अब्बा रहीमचाचा हैद्राबाद रोडवर ट्रकचं गॅरेज चालवायचे. आमचं घर गावात, शेती केळापूरच्या बाजूला, कपाशी आणि तूर. म्हणजे घर, जात, पैसा, सगळ्या दृष्टीनं त्या गावात जळायचं तर तिनं माझ्यावर जळायला हवं होतं. पण झालं उलटंच. विज्ञानाच्या बाईंनी एकदा कांद्याचा पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला सांगितला. नसीमचा पापुद्रा इतका पातळ निघाला की काचेवर तो आहे की नाही हेच कळेना. बाईंनी तो वर्गभर फिरवला. माझ्याकडे आल्यावर माझ्या चिमट्यातला जाड तुकडा वर धरून म्हणाल्या, "मंदे, याची भजी कर." वर्ग हसला, नसीमही हसली. तिचे हात तसेच होते. शाळेतून आली की अब्बांच्या शेजारी बसून डिझेल पंपाचे बारीक बारीक भाग रॉकेलमध्ये धुवायची, केसाएवढी स्प्रिंग न चुकता जागेवर बसवायची. तेच हात पुढं प्रयोगशाळेत चालले. माझी आई तर उठता बसता म्हणायची, "नसीमले पाय! पोरगी कशी निगुतीनं करते." स्वतःच्या आईच्या तोंडून हे रोज ऐकलं की माणसाच्या पोटात काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

ती शिष्यवृत्ती मिळवून हैद्राबादच्या एका संशोधन संस्थेत गेली. दोन वर्षांनी मीही त्याच प्रयोगशाळेत लागले, प्रकल्प सहायक म्हणून, सहा सहा महिन्यांच्या करारावर. तेही तिनं सरांकडे शब्द टाकला म्हणून. उपकार करणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं, पण सरावानं जमतं. सर दक्षिणेतले, बोलायला कडक. त्यांचा विषय होता माणसाच्या पेशीतलं एक प्रथिन. शरीराला अन्न मिळतंय की नाही, हे ताडणारं. मला त्यांची व्याख्यानं डोक्यावरून जायची. नसीमनं बस स्टँडवर चहा पिता पिता दोन मिनिटांत समजावलं होतं. "दारावरचा मानूस समज. घरात दाने आले का नाई, थो पाह्यते. आले का कपायाले टिया लावून बसते, नाई आले का कोरा कपाय. माही अँटिबॉडी फक्त टिया दिसला तरच त्याले चिकटन. चिकटली का एक्स-रेसारख्या फिल्मवर काया पट्टा." एवढंच. माणूस जेवलेला, तर कपाळाला टिळा आणि पट्टा काळा. उपाशी, तर फिल्म कोरी.

ही अँटिबॉडी बाजारात मिळत नव्हती. परदेशातून मागवलेल्या एक दोन होत्या, त्या कशालाही चिकटायच्या. नसीमनं स्वतः बनवायला घेतली. सशाला त्या प्रथिनाचा टिळ्यासकटचा तुकडा टोचायचा, सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध जे तयार होतं ते गाळून, निवडून घ्यायचं. पहिला ससा फुकट गेला, दुसराही. तिसऱ्याचं नाव तिनं उस्ताद ठेवलं होतं. रोज स्वतःच्या हातानं त्याला मेथीची जुडी घालायची. उस्तादनं दिलं. तीन वर्षांची मेहनत पोरीच्या करंगळीएवढ्या कुप्यांमध्ये मावली, आणि त्या कुप्यांवर तिच्या अक्षरात तिची सही. मी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या, हे मला आजही आठवतं.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कापसावरून कशासाठी यायचं ते सांगायची गरज नाही. पांढरकवड्याच्या विश्रामगृहासमोर गाड्यांची रांग लागायची. पाहणी करणारे, फोटो काढणारे, अहवाल लिहिणारे. सरांच्या डोक्यात वेगळंच होतं. कापूस वेचायला भल्या सकाळी शेतात उतरणारी बाई काय खाऊन उतरते? विचारलं तर ती "खाल्लं ना" म्हणते, कोणीही म्हणेल. तिचं रक्त काय म्हणतं ते पाहावं, असं त्यांना वाटलं. नसीमची अँटिबॉडी हाताशी होतीच. म्हणून रहीमचाचांच्या गॅरेजमागच्या दोन खोल्या घेतल्या. न्हाणीघराची डार्करूम केली, आत लाल बल्ब. लोडशेडिंगचा नेम नसायचा, तर चाचांनी फ्रीझरला ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून दिल्या आणि नसीमला म्हणाले, "बेटा, तेरे खरगोश का पानी अब गरम नहीं होगा." दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू होणार होती. त्याआधी अँटिबॉडी खऱ्या माणसाच्या रक्तावर पारखून घ्यायची होती. नाही ठरली तर खोल्या बंद, हंगाम गेला, आणि तीन वर्षं उस्तादसकट पाण्यात.

पारखायला हवे होते धडधाकट माणसाचे दोन नमुने, एक उपाशी आणि एक जेवल्यावर. त्या वर्षी रमजान आणि नवरात्र बरोबरच आले होते. सर फोनवर खूष झाले. "तुम दोनों का तो व्रत चल ही रहा है! अपना ही खून दे दो." नसीमचा रोजा, माझे नवरात्राचे उपास. संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी तिचं रक्त घ्यायचं, माझंही त्याच वेळी, आणि मग दोघींनी जेवून दीड तासानं पुन्हा. तिच्या हातातून रक्त मी काढलं. शीर सापडेना, तीनदा टोचलं, तिचा कोपर काळानिळा झाला. माझं तिनं काढलं, मला मुंगीही चावली नाही. सुई लावण्याआधी तिनं विचारलं, "काई खाल्लं तं नाई ना वं?" मी म्हटलं, "नाई वं, उपास हाय ना माहा."

आणि मी खोटं बोलत नव्हते. हे मला आज शपथेवर सांगायचं आहे. आमच्या घरी नवरात्रात दिवसभर फराळ, संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदाच जेवण. त्या दिवशी दुपारी चारला मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, दाण्याचं कूट चांगलं मूठभर घातलेली, वर दही. खिचडी म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आईच्या, आजीच्या, आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईच्या डोक्यात आलं नसतं. आणि आमच्याकडचा उपास म्हणजे काय ते सरांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसीम न्हाणीघरातून फिल्म घेऊन बाहेर आली. ओली फिल्म खिडकीशी धरली. तिचा उपाशी नमुना कोरा, जेवल्यावरचा काळा. अगदी हवा तसा. माझे मात्र दोन्ही काळे. उपाशीसुद्धा काळाकुट्ट. ती बराच वेळ फिल्मकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा फिल्मकडे. मला वाटलं घाबरली. सरांना फोन केला तर पलीकडून आवाज इतका चढला की मला बाजूला उभं राहून ऐकू आलं. दोन माणसांत एकीवरच चालते, आणि ती एक कोण, तर जिनं बनवली तीच... याला अँटिबॉडी नाही म्हणत, कुप्या वाया घालवू नकोस, मी येऊन काय ते बंद करतो. नसीमनं "जी सर" म्हणून फोन ठेवला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सहानुभूतीचा चेहरा करून मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि आत कुठंतरी बँड वाजत होता. आठवीपासून पहिल्यांदा नसीमचा हात चुकला होता. कांद्याची भजी या वेळी तिची झाली होती.

घरी आले. आईनं थाळी पुढं ठेवली. पहिला घास तोंडात घेतला, दाण्याचं कूट दाताखाली आलं आणि मी थांबले. सगळं लख्ख कळलं. कालही हेच, याच वेळी. माझ्या पेशींच्या दारावरच्या माणसानं खिचडी पाहिली होती, टिळा लावून बसला होता, आणि नसीमच्या अँटिबॉडीनं तेवढंच खरं सांगितलं होतं. चूक अँटिबॉडीची नव्हतीच. उठावं, चपला घालाव्या, गॅरेजपर्यंत दहा मिनिटं चालत जावं आणि सांगावं... एवढंच करायचं होतं. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी साबुदाणा गिळला. आई म्हणाली, "अजून वाढू?" मी म्हटलं, "वाढ."

सर यायला सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत मी स्वतःला बरीच कारणं दिली. माझा करार संपत आला होता. मागे एकदा माझ्या हातून फ्रीझरचं दार उघडं राहिलं होतं, तेव्हा सरांनी बजावलं होतं की आणखी एक चूक आणि घरी. हे खरंच होतं, पण कारण ते नव्हतं. कारण एवढंच की ती पडलेली मला पाहायची होती. नसीम रोज शांतपणे काचेची भांडी धूत होती, तोच जुना नमुना पुन्हा लावून पाहत होती, तोच पट्टा पुन्हा काळा येत होता. एकदा हात पुसता पुसता म्हणाली, "मंदे, त्या दिवसाचं काई आठोते काय वं तुले? काईबी." मी डोळे मिटून आठवल्यासारखं केलं आणि म्हटलं, "नाई वं." तिनं फडकं दोरीवर वाळत घातलं. तिसऱ्या दिवशी रहीमचाचांनी मला विचारलं, "बेटा, आखिर गलती हुई कहाँ?" त्यांना मी म्हणाले, "मशीन का होगा चाचा." त्यांनी बिचाऱ्यांनी रक्त गरगर फिरवायचं सेंट्रिफ्यूज खोलून पुन्हा जोडलं.

सर आले. खोलीत तिघंच. मी फाइल उघडून बसलेली, मान खाली. सरांनी सुरुवात करायच्या आधीच नसीम म्हणाली, "सर, गलती मेरी है. सैंपल लेने से पहले मैंने मंदा से पूछा नहीं कि कुछ खाया है क्या. यहाँ के उपास में फराल चलता है. मुझे लिखके लेना चाहिए था." आणि तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सर तिला पंधरा मिनिटं बोलले. संशोधकाची पहिली पायरी काय, नोंद म्हणजे काय, रहीमचाचांना बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग म्हणाले, पुन्हा घ्या. मी त्या पंधरा मिनिटांत एकदाही म्हटलं नाही की, "सर, तिनं विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम आमच्या घरी आली. आईला म्हणाली, "काकू, आज हिले काईच देऊ नका. खिचडी बी नाई, केळं बी नाई." आई भडकलीच. "उपासाच्या दिवशी पोरीले उपाशी ठेवू काय? देवी काय म्हनन?" नसीम हसली, आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि मला घेऊन गॅरेजवर गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा उपाशी राहिले. दुपारी तीनलाच डोकं ठणकायला लागलं, चारला चिडचिड, पाचला मला चाचांच्या इफ्तारीच्या डब्याकडे बघवेना. माझ्या शेजारी नसीम बसली होती. तिनं तर पहाटेपासून पाणीही घेतलं नव्हतं आणि ती कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर माझा उपाशी नमुना कोरा, जेवल्यावरचा काळा. सरांनी फोनवर फक्त "गुड" म्हटलं.

मग वेचणी सुरू झाली, अँटिबॉडी शेतांवरच्या बायकांच्या रक्तावर चालली, आणि कोऱ्या फिल्म किती निघाल्या ते मी इथं लिहीत नाही. नसीमनं एक नियम केला होता, तो सांगते. रक्त घेतलेली बाई खोलीतून जेवल्याशिवाय जायची नाही. तिथंही आधी विचारायची, "काय खाल्लं? च्या बी सांगजा, सुपारी बी सांगजा," आणि माझ्याकडे न पाहता लिहून घ्यायची. पुढं शोधनिबंध आला, तिचं नाव पहिलं, माझं आभारात. मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात लागले. तिच्या अँटिबॉडीची कृती एका कंपनीनं घेतली, ती कुपी देशोदेशीच्या प्रयोगशाळांत गेली. आणि मी? मी स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी एक किस्सा सांगायची. एवढी मोठी संशोधक, पण एकदा नमुना घेताना विचारायलाच विसरली, आणि आमच्या खिचडीनं तिला कसं फसवलं! लोक खूप हसायचे. वीस वर्षं मी हा किस्सा सांगितला, आणि सांगून सांगून तो मलाही खरा वाटायला लागला होता.

गेल्या दिवाळीनंतर कळलं की ती आजारी होऊन भावाकडे, पांढरकवड्याला आली आहे. पोटाचं दुखणं, उशिरा समजलेलं. भेटायला निघाले तर तिचाच फोन. "येतांनी खिचडी आनजो. काकू करे तशी." मी घेऊन गेले. गॅरेज आता सलीम चालवतो, मागच्या त्याच खोलीत तिची खाट होती. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, तरी चमचा धरणं तेच, नेमकं. दोन चमचे खाल्ले, तिसरा खाली ठेवला. खिडकीतून ट्रकचा आवाज येत होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंदे, तुले काई सांगाचं हाय काय मले?"

मी तिला तुरीचं सांगितलं. यंदा फुलोरा बरा आहे, शेंगा भरल्या की सोलून आणीन म्हटलं. ती "हो" म्हणाली. "आन," म्हणाली, आणि डोळे मिटून पडली. आमची शेवटची भेट ती.

तिच्या चाळिसाव्या दिवसाला गेले तेव्हा सलीमनं एक खाकी पाकीट दिलं. वर तिच्या अक्षरात, "मंदाले द्यायचं." आत प्रयोगवहीचं एक पान होतं, फाडलेलं. ज्यांनी प्रयोगशाळेत काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणते. प्रयोगवहीचं पान फाडत नाहीत. चुकलं तर एक रेघ मारतात, सही करतात, पण फाडत नाहीत. नसीमसारखी बाई तर मुळीच नाही. त्या पानावर ती जुनी फिल्म चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. एक कोरा, तीन काळे. खाली इंग्रजीत वेळ, नमुना, आणि मग अचानक मराठीत: "विचारलं होतं. उपास आहे म्हणाली. ओठाला दाण्याचं कूट होतं, फिल्म पाहिल्यावर आठवलं." त्याखाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ. "मंदा सांगेल. थांबते."

म्हणजे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खिडकीशी फिल्म धरून ती माझ्याकडे पाहत होती तेव्हाच. सहा दिवस ती थांबली. मग सरांच्या हाती लागू नये म्हणून पान फाडलं आणि माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. आणि "थांबते" या ओळीवर कधी रेघ मारली नाही. वीस वर्षं थांबली, खिचडी मागवून थांबली... मला इतकं थांबता आलं असतं का? नसतं. पान हातात धरून सलीमच्या दारात उभी होते आणि खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.

परवा महाशिवरात्र झाली. सवयीनं आदल्या दिवशी साबुदाणा भिजत घातला होता, सकाळी कूट केलं, खिचडी परतली. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी ती फिल्म लावली आहे, पानावरून अलगद सोडवून. ऊन आलं की तीन काळे पट्टे ओट्यावर पडतात. ताट वाढून घेतलं आणि बसले, पण घास उचलवेना. समोरून कोणी विचारल्यासारखं वाटत होतं, काई खाल्लं तं नाई ना वं?

खाल्लं होतं, नसीम. दुपारी चारला. थाळीभर खिचडी, वर दही, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कळल्यावर पुन्हा वाढून घेतली होती. तू विचारलं होतंस. तुझी अँटिबॉडी बरोबर होती.